जुळे दिसणारे पतंग: जातीपर्यंत पोहोचायचं कसं आणि थांबायचं कुठे

अक्रोनिक्टा साय आणि अक्रोनिक्टा ट्रायडेन्स हे युरोपातले दोन पतंग. दोन्ही राखाडी, दोघांच्या पंखांवर खंजिरासारख्या काळ्या रेघा. शेजारी शेजारी ठेवले तर वर्षानुवर्षं पतंग पाहणारा माणूसही कुठला कोणता हे छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांच्या अळ्या मात्र लहान मूलही वेगळ्या काढेल. सायच्या अळीच्या पाठीवर रुंद पिवळा पट्टा आणि शिंगासारखा लांब काळा उंचवटा असतो. ट्रायडेन्सचा उंचवटा बुटका, आणि पट्ट्यात तांबूस-नारिंगी व पांढरा रंग. फरक ढळढळीत आहे, फक्त आपण रात्री दिव्याखाली जे पाहतो त्यात तो नाही.

जवळच्या जाती ओळखण्याचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं: या जोडीतला फरक शरीराच्या कुठल्या भागात आहे, आणि तो भाग माझ्यासमोर आहे का? नसेल, तर जातीचं नाव लिहायचं नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात शिवशिवतो.

पतंगांच्या आतापर्यंत वर्णन झालेल्या जाती सुमारे १,६०,००० आहेत. फुलपाखरांच्या १८,००० च्या आसपास. त्यामुळे फुलपाखरं पाहताना लागलेली सवय, म्हणजे पुस्तकातलं चित्र शोधायचं आणि जुळलं की नाव लिहून टाकायचं, इथे दगा देते. चित्र जुळतं, पण त्याच चित्राशी जुळणाऱ्या आणखी चार जाती त्या पुस्तकात छापलेल्याच नसतात.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवून घेऊ. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरतात. जीवशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत तोच शब्द जीनससाठी सापडतो. या लेखात स्पीशीज म्हणजे जाती, जीनस म्हणजे वंश आणि फॅमिली म्हणजे कुळ. प्रजाती हा शब्द मी टाळलाच आहे.

पतंग बसलेला असतानाच

नाव शोधायची घाई नको. पतंग उडून गेल्यावर जे पाहता येणार नाही, ते आधी गोळा करा.

पहिला फोटो बरोबर वरून घ्या, कॅमेऱ्याची काच पंखांच्या पातळीला समांतर ठेवून. तिरक्या फोटोत पंखाचा आकार बदलतो आणि रेघांची वळणं खोटी दिसतात. दुसरा फोटो बाजूने, म्हणजे बसण्याची ढब, पाय आणि छातीवरचे खवल्यांचे तुरे दिसतात. तिसरा तोंडासमोरून, कारण ओठांपाशी पुढे आलेल्या पाल्पी (तोंडाच्या दोन बाजूंचे छोटे अवयव) आणि मिशा (पुस्तकी भाषेत शृंगिका) अनेकदा निर्णय देतात. चौथा फोटो बहुतेक जण विसरतात: खालून. त्यासाठी पतंगाला हात लावायची गरज नाही. पारदर्शक डबीत अलगद घ्या, तो काचेवर किंवा प्लास्टिकवर बसला की डबीच्या दुसऱ्या बाजूने फोटो काढा.

शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. मोजमाप पुढच्या पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत घ्या. पंख पसरल्यावरची रुंदी पंख किती ताणले त्यावर बदलते, पुढच्या पंखाची लांबी बदलत नाही.

रंगाचा फोटो दिव्याच्या उजेडात घेऊ नका. अतिनील दिव्याखाली तपकिरी पतंग जांभळा दिसतो आणि हिरवा करडा. पतंग डबीत ठेवून डबी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की तो शांत होतो. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत फोटो घ्या. काम झालं की दाट झुडपात सोडा. उघड्या भिंतीवर सोडलेला पतंग म्हणजे पक्ष्यांची सकाळची न्याहारी. दिव्याबद्दलही दोन गोष्टी सांगून ठेवतो: अतिनील दिव्याकडे एकटक पाहू नका, आणि तापलेल्या मर्क्युरी दिव्यावर पावसाचे थेंब पडले तर काच फुटते.

वहीत तारीख, वेळ, नेमकी जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिव्याचा प्रकार आणि आसपासची झाडं लिहा. वेळ का? काही जाती अंधार पडताच येतात, काही मध्यरात्र उलटल्यावर. झाडं का, ते अळीच्या भागात कळेल.

नर की मादी, नवा की झिजलेला

दोन पतंग वेगळे दिसतात म्हणून ते दोन जातींचे असतीलच असं नाही. सारखे दिसतात म्हणून एका जातीचे असतील असंही नाही. यातली पहिली चूक नवशिक्यांकडून जास्त होते.

लिमँट्रिया डिस्पारचा नर तपकिरी, सडपातळ आणि पिसासारख्या मिशांचा. मादी पांढरट आणि जाडजूड. कोणी सांगितलं नाही तर दोघांना दोन नावं देऊन मोकळं व्हाल. बिस्टन बेटुलारिया या पतंगाचं एक रूप पांढऱ्यावर काळे शिंतोडे उडाल्यासारखं, तर दुसरं कोळशासारखं काळं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमधून काळ्या रूपाची १८४८ सालची नोंद आहे, आणि त्या काळेपणामागे डीएनएत घुसलेला एक उडता तुकडा आहे हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. इतका मोठा फरक, तरी जात एकच. वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या कित्येक जातींत तर हंगामानुसार आकार आणि रंगाची गडदता बदलते.

म्हणून जातीच्या खुणा शोधण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. लिंग कोणतं? नराच्या मिशा बऱ्याचदा पिसांसारख्या किंवा दातेरी असतात. मागच्या पंखाला पुढच्या पंखाशी अडकवणारा केस, ज्याला फ्रेन्युलम म्हणतात, तो नरात सहसा एकच जाड असतो आणि मादीत दोन-तीन बारीक. दुसरा प्रश्न, पतंग किती झिजलाय? कडेची झालर फाटली असेल, छातीवर टक्कल पडलं असेल, तर फिका रंग ही खूण धरू नका. तिसरा, हा त्या जातीचा नेहमीचा नमुना आहे की टोकाचा? याचं उत्तर एका पतंगावरून मिळत नाही, दहा पाहावे लागतात.

मी स्वतः एकदा झिजलेल्या पतंगावर जवळजवळ एक आठवडा घालवला आहे. मागच्या पंखाची पांढरी कड ही मोठी खूण सापडली म्हणून खूश होतो. ती कड म्हणजे खवले गळून उघडा पडलेला पंख होता.

कुळ

हा टप्पा पटकन उरकायचा, पण गाळायचा नाही. हॉकमॉथ (कुळ स्फिंजिडी) लढाऊ विमानासारखे: लांब अरुंद पंख, दोन्हीकडे निमुळतं अंग. सॅटर्निडी मोठे, पंखांवर बऱ्याचदा डोळे किंवा खिडक्या, आणि प्रौढाचं तोंड खाण्याच्या कामाचं नाही. जिओमेट्रिडी बहुधा पंख सपाट पसरून बसतात, अंग बारीक. नॉक्टुइडी जाडसर, पंख घराच्या छपरासारखे. क्रँबिडी आणि पायरालिडी त्रिकोणी, लांब पायांचे, पुढे आलेल्या पाल्पींमुळे सोंड असल्यासारखे.

अळीवरूनही कुळाचा अंदाज येतो, पण उंटअळी दिसली की लगेच जिओमेट्रिडी म्हणू नका. जिओमेट्रिडीच्या अळीला पोटाकडच्या पायांच्या साधारण दोनच जोड्या असतात. सोयाबीनवर दिसणाऱ्या उंटअळ्यांतल्या बऱ्याच नॉक्टुइडी कुळातल्या प्लुसिनी गटाच्या असतात आणि त्यांना तीन जोड्या असतात. नेहमीच्या अळीला पाच. पाय मोजायला वेळ लागत नाही.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर एक अडचण येईल. त्यांत आर्क्टिडी आणि लिमँट्रिडी ही स्वतंत्र कुळं सापडतील. आता दोन्ही एरेबिडी कुळात उपकुळं म्हणून जमा आहेत. ही मोठी फेरमांडणी साधारण २०१० ते २०११ दरम्यान स्थिरावली. पतंग तेच आहेत, कप्पा बदलला. एरेबिडी आणि नॉक्टुइडी वेगळे करताना मागच्या पंखाची एम-दोन ही शीर उपयोगी पडते: बहुतेक एरेबिडींमध्ये ती ठळक आणि बहुतेक नॉक्टुइडींमध्ये क्षीण. शिरा दिसत नसतील तर पंखावर अल्कोहोलचा थेंब टाका, खवले काही क्षण पारदर्शक होतात. हे मेलेल्या नमुन्यावरच करायचं.

पंखाचा नकाशा वाचणं

‘तपकिरी, मध्ये ठिपका, कडेला रेघा’ असं वर्णन पाच हजार जातींना लागू पडेल. रेघांना आणि ठिपक्यांना जागेवरून नावं आहेत. ती शिकलात की वर्णन एकदम धारदार होतं.

नॉक्टुइडी पतंगाचा पुढचा पंख मुळापासून कडेकडे वाचा. मुळापाशी एक तुटकी छोटी रेघ असते. त्यानंतर पंख आडवा कापणारी पहिली पूर्ण रेघ, तिला आतली रेघ म्हणू. तिच्या पुढे दोन ठळक डाग: आतल्या बाजूचा गोल, बाहेरचा वालाच्या दाण्यासारखा वाकडा. कधीकधी गोल डागाच्या खाली आतल्या रेघेला चिकटून तिसरा, गदेसारखा लांबट डाग असतो. मग बाहेरची रेघ, नंतर कडेलगतची फिकी नागमोडी रेघ, आणि शेवटी झालर.

प्रत्येक रेघेला तीन प्रश्न विचारा. ती एकेरी आहे की दुहेरी? पंखाच्या वरच्या कडेपाशी ती कशी वळते? दोन डागांच्या किती जवळून जाते? वालाच्या दाण्यासारख्या डागाचा खालचा अर्धा भाग गडद आहे का, त्याला पांढरी किनार आहे का, गोल डाग त्याला टेकतो का? जवळच्या जातींत पंखाचा एकूण रंग बदलतो, पण बाहेरच्या रेघेचं वळण आणि दोन डागांमधलं अंतर त्या मानाने टिकून राहतं. रंगापेक्षा वळणावर भरवसा ठेवा.

एक युक्ती सांगतो. फोटो काळा-पांढरा करा आणि पेन्सिलने कागदावर फक्त रेघा काढा. चित्र सुंदर यायला हवं असं अजिबात नाही. हात रेघ ओढतो तेव्हा डोळ्यांनी ओलांडलेली वळणं सापडतात. मला चार महागड्या पुस्तकांनी जेवढं शिकवलं नाही, तेवढं या भिकार चित्रांनी शिकवलं.

एक जोडी सोडवून पाहू

पाठीवर कवटीसारखी खूण असलेले हॉकमॉथ म्हणजे अकेरॉन्शिया वंश. जाती तीनच: अट्रोपॉस, स्टिक्स आणि लॅकेसिस. तिघेही मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतात, धरलं तर चित्कारतात, आणि फोटोंत बेफाम गल्लत करून घेतात. कवटी पाहून लोक पटकन ‘अट्रोपॉस’ लिहितात, कारण नाव तेच प्रसिद्ध.

कामाला सुरुवात नकाशाने करा. अट्रोपॉस आफ्रिका, युरोप आणि पश्चिम आशियात; स्टिक्स आणि लॅकेसिस आशियात. पश्चिम आशियात अट्रोपॉस आणि स्टिक्स दोन्ही भेटू शकतात, तर दक्षिण आणि आग्नेय आशियात स्टिक्स आणि लॅकेसिस. म्हणजे बहुतेक ठिकाणी तिघांतला एक आधीच बाद होतो. नकाशा हा पुरावा मानू नका, कारण हॉकमॉथ दूरवर उडतात. पण संशयितांची यादी त्याने छोटी होते.

आता कोऱ्या कागदावर तक्ता करा. उभ्या रकान्यांत जाती, आडव्या ओळींत खुणा. पुढच्या पंखाच्या मध्यावरचा छोटा ठिपका स्टिक्समध्ये सहसा नारिंगी असतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला स्टिक्समध्ये मधले पट्टे दोन, अट्रोपॉसमध्ये एक. पोटाच्या खालच्या बाजूला अट्रोपॉसमध्ये गडद आडवे पट्टे दिसतात, स्टिक्समध्ये सहसा नसतात. लॅकेसिस थोराड, आणि त्याच्या मागच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा भाग असतो.

यातल्या खुणांमध्ये कवटी नाही, हे पाहा. तिची गडदता बदलते, झिजते, उजेडाप्रमाणे वेगळी दिसते. सगळ्यात आधी डोळ्यात भरणारी खूण बहुतेक वेळा सगळ्यात कमी कामाची असते. आणि चारांतल्या दोन खुणा शरीराच्या खालच्या बाजूला आहेत. म्हणून वर तो खालून फोटो घ्यायला सांगितला होता.

तक्ता भरताना चौकटीत ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ असे तीन पर्याय ठेवा. ‘दिसत नाही’ला ‘नाही’ समजणं हा ओळख चुकण्याचा राजमार्ग आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या किमान दोन खुणा एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर नाव लिहा. एकीवर समाधान मानू नका.

झाकलेल्या खुणा

बसलेल्या पतंगाचा मागचा पंख झाकलेला असतो, आणि कित्येक जोड्यांचं उत्तर तिथेच असतं. अँफिपायरा पिरॅमिडिया आणि अँफिपायरा बर्बेरा हे दोघे वरून जवळजवळ एकसारखे. मागचा पंख खालून पाहा. पिरॅमिडियात तांबूस रंग बाहेरच्या कडेजवळ राहतो आणि आतला भाग फिकट गवती; बर्बेरात तांबूसपणा मुळाकडे बराच आत शिरतो. पाल्पीसुद्धा बोलतात: पिरॅमिडियात फिकट, बर्बेरात गडद आणि फक्त टोक फिकट. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या, नाव पक्कं.

एपिरिटा वंशातले राखाडी पतंग थोडी जास्त मेहनत मागतात. नराच्या पोटाच्या टोकाला, खालच्या बाजूने, बारीक ब्रशने खवले बाजूला केले की आठव्या वलयावर दोन इवलेसे टोकदार उंचवटे दिसतात. त्यांचा आकार आणि एकमेकांतलं अंतर जातीनुसार वेगळं असतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, पतंग मारावा लागत नाही. मादी आली तर मात्र ही खूण नाही, आणि ते तसंच लिहायचं.

केसाळ पतंगांना हात लावताना सांभाळा. पिवळ्या किंवा तपकिरी शेपटीच्या पांढऱ्या पतंगांच्या काही जातींचे केस कातडीला खाज आणि पुरळ आणतात. त्यांच्या अळ्या तर त्याहून वाईट.

अळी वाढवून पाहणं

प्रौढ पतंगावर अडलात तर मागे या. मादी डबीत अंडी घालते; तिची अंडी फुटून निघालेल्या अळ्यांना योग्य झाडाची पानं दिली की त्या वाढतात. योग्य झाड कुठलं, हीच मोठी खूण आहे. एकाच वंशातल्या दोन जाती अगदी वेगळ्या झाडांवर पोसल्या जात असतील, तर पतंग सापडला त्या जागेची झाडं लिहून ठेवलेली वही आता उपयोगी पडते.

अळीच्या खुणाही जोडीने वापराव्या लागतात. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, डोक्यावरच्या उलट्या वाय आकारावरून ओळखतात असं सगळीकडे सांगितलं जातं. तो आकार कमीजास्त ठळकपणे इतर अळ्यांवरही दिसतो. त्याच्या जोडीला पोटाच्या आठव्या वलयावर चौकोनात मांडलेले चार गडद ठिपके असतील तर गोष्ट पुढे सरकते. अळीचा दर टप्प्यावर फोटो घ्या. कात टाकल्यावर रंग इतका बदलतो की जुन्या नोंदी नसतील तर अळी बदलली गेली की काय अशी शंका येते.

पोटाच्या टोकाची तपासणी

काही जोड्यांपुढे भिंग हात टेकतं. स्पोडोप्टेरा लिट्युरा आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर. स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राभोवती. बाहेरून दोघांत विश्वास ठेवावा असा फरक नाही. व्यापाराच्या मालातून एक दुसऱ्याच्या प्रदेशात पोहोचला तर नकाशाचाही आधार जातो. घाटे अळीचा पतंग, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ब्राझीलमध्ये असल्याचं २०१३ साली जाहीर झालं. तिथे त्याची सख्खी बहीण हेलिकोव्हर्पा झिया आधीपासून होती. दोघांचा संकरही होतो. अशा ठिकाणी प्रजननअवयवांची तपासणी हाच जुना आणि भरवशाचा मार्ग. हे अवयव कायटिन या कडक पदार्थाचे असतात, रंगासारखे फिके पडत नाहीत आणि जवळच्या जातींतही बऱ्याचदा ठळकपणे वेगळे असतात.

नमुना मेलेला आणि वाळलेला हवा. गोळा करण्यासाठी परवानगी लागते का ते आधी पाहा. संरक्षित क्षेत्रांत ती बहुधा लागतेच. मग क्रम असा. पोट चिमट्याने हळूच वर उचललं की छातीपासून सुटं होतं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाका. नळी गरम पाण्याच्या भांड्यात धरली तर १५-२० मिनिटांत मांस विरघळू लागतं. घाई नसेल तर रात्रभर साध्या तापमानाला ठेवा. द्रावण करताना पाण्यात अल्कली टाकायची, अल्कलीवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालाच, कारण हे रसायन कातडी आणि डोळे जाळतं.

नंतर पोट पाण्यात घेऊन बारीक ब्रशने खवले आणि विरघळलेलं मांस झटका. अवयव अलगद बाहेर काढा. नरात पाहायचं ते असं: वरचा आकड्यासारखा अंकस, दोन्ही बाजूंचे पकडीसारखे व्हाल्व्ह, आणि नळीसारखा फॅलस. फॅलसच्या आत गुंडाळलेली व्हेसिका नावाची पिशवी असते; ती पाण्याच्या दाबाने उलटून बाहेर काढता आली तर तिच्यावरचे काटे आणि फुगवटे दिसतात. आर्मिजेरा आणि झियाचा फरक याच पिशवीच्या मुळाशी आहे: आर्मिजेरात एक फुगवटा, झियात तीन. पिशवी उलटायला सराव लागतो आणि पहिल्या दहा पिशव्या फाटतात, हे गृहीत धरा. मादीत अंडी घालण्याच्या भागापासून आत जाणारी नळी, तिच्या टोकाची पिशवी आणि त्या पिशवीच्या भिंतीवरचे कडक ठिपके पाहायचे.

अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेतून पाणी काढून युपॅराल या पारदर्शक, चिकट द्रवात काचेवर बसवा. काचेवर आणि मूळ पतंगाच्या टाचणीवर एकच क्रमांक लिहा. हा क्रमांक लिहायचा राहून गेला तर दोन्ही नमुने फुकट गेले.

डीएनए आणि वास

२००३ साली कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने डीएनए बारकोडची कल्पना मांडली. त्यासाठी मायटोकाँड्रियातल्या सीओ-वन या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. पतंगाचा एक पाय पुरतो. अळी, अर्धवट खाल्लेला पंख, कोष, कशाचीही ओळख लागू शकते.

पण ही जादूची कांडी नाही. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे पूर्वी कधीतरी संकर झाला असेल तर दोन वेगळ्या जातींचा बारकोड एकच निघतो. वोल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांत हीच गडबड वेगळ्या वाटेने करतो. ‘दोन टक्के फरक म्हणजे वेगळी जात’ हा नियम नाही, ढोबळ अंदाज आहे. शिवाय बारकोडच्या साठ्यातला ज्या नमुन्याशी तुमचा नमुना जुळला, त्याची ओळख मुळात कोणी आणि कशावरून केली हे पाहा. ती चुकली असेल तर तुमचीही चुकली.

काही पतंग आपल्या डोळ्यांना नाही, पण एकमेकांच्या नाकाला वेगळे वाटतात. पतंगांचा, खरं तर कुठल्याही प्राण्याचा, पहिला ओळखला गेलेला कामगंध (जोडीदाराला बोलावणारा वास) बाँबिकॉल; तो १९५९ साली रेशीमकिड्याच्या मादीतून मिळाला. मक्याची खोडकिडी ऑस्ट्रिनिया नुबिलॅलिस दोन गटांत आढळते. दोघांच्या कामगंधात तीच दोन रसायनं असतात, पण एका गटात साधारण ९७ ला ३ या प्रमाणात आणि दुसऱ्यात जवळजवळ उलट. नर आपल्या प्रमाणाकडेच जातो. दिसायला दोन्ही गट एक आणि नावही एकच. ही जात दोन होण्याच्या वाटेवर आहे का, यावर तज्ज्ञ आजही वाद घालतात.

नाव लिहिताना

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशोब लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून सुरू होतो. स्पोडोप्टेरा लिट्युरा (फॅब्रिशियस, १७७५) असं लिहिलेलं दिसेल; तो कंस सजावट नाही. फॅब्रिशियसने ही जात दुसऱ्या वंशात ठेवली होती, नंतर ती हलवली, एवढं तो सांगतो. कंस नसेल तर वंश मूळचाच.

जात म्हणजे काय यावर एकमत नाही, हे मान्य करूनच वर्गीकरण करायचं असतं. पाळीव रेशीमकिडा बाँबिक्स मोरी आणि त्याचा रानटी नातलग बाँबिक्स मँडरिना यांचा संकर होतो आणि संतती प्रजननक्षम असते. मोरीत गुणसूत्रांचा संच २८, जपानमधल्या मँडरिनात २७, चीनमधल्यात २८. तरीही नावं दोन आहेत आणि वापरायलाही सोयीची आहेत. जोडायच्या बाजूचे आणि तोडायच्या बाजूचे, असे दोन स्वभाव वर्गीकरण करणाऱ्यांत कायम राहणार. मी तोडणाऱ्यांकडे थोडा संशयाने पाहतो, पण तो माझा स्वभाव झाला.

तुमच्या नोंदीत खात्रीचे टप्पे दिसू द्या. वंश पक्का, जात नाही, तर वंशाच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहा. एका जातीसारखा दिसतो पण खुणा अपुऱ्या आहेत, तर मध्ये ‘सीएफ.’, म्हणजे ‘तुलना करून पाहा’. न सुटणाऱ्या जोडीतला आहे, तर ‘अक्रोनिक्टा साय समूह’. हे कमीपणाचं नाही. चुकीच्या जातीची नोंद नकाशात शिरली की ती काढायला पुढच्या माणसाची वर्षं जातात.

चिठ्ठीवर आणखी दोन गोष्टी लिहा: ओळख कोणी केली आणि कुठल्या साली. युरोपातला नॉक्टुआ जँथिना हा पतंग १९९१ पर्यंत एकच जात मानला जात होता. त्या वर्षी त्यातून तीन निघाल्या: जँथिना, जँथे आणि टर्शिया. ज्यांनी त्याआधी फक्त वहीत ‘जँथिना’ लिहिलं होतं, त्यांच्या त्या ओळी आता तिघांपैकी कोणाच्याच नाहीत. ज्यांनी टाचणीला पतंग ठेवला होता, त्यांनी पेटी उघडली, मागच्या पंखावरचा काळा रंग कुठवर पसरलाय ते पाहिलं, आणि जुन्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी लावली.